डावीकडे सीट नसलेली गाडी

वीसेक वर्षं मी गाडीत डाव्या बाजूला बसते आहे. डोंबिवली पूर्वेच्या एका मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये मी बायकांना गाडी शिकवते. शिकणारी उजवीकडे स्टिअरिंगवर, मी डावीकडे, आणि माझ्या पायाखाली जादाचा क्लच आणि जादाचा ब्रेक. लोकांना वाटतं ही शिकवणाऱ्याची नोकरी आहे. खरं तर ही थांबवणाऱ्याची नोकरी आहे. समोर म्हैस आली, उलट्या दिशेने रिक्षा आली, मानपाडा रोडवर कालपर्यंत नसलेला खड्डा आला, की उजवीकडची बाई दोन्ही हात सोडून डोळे मिटते आणि मी ब्रेक दाबते. मग ती म्हणते, बघा, थांबवली की नाही.

ह्याचा परिणाम असा झाला की माझा उजवा पाय माझा राहिला नाही. गॅसवर दूध वर यायला लागलं की तो फरशीवर दाबला जातो. नवरा सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलायला उभा राहिला की दाबला जातो. मुलीने पुण्याहून फोन करून नोकरी सोडतेय असं सांगितलं, तेव्हा मी जेवणाच्या टेबलाखाली इतक्या जोरात ब्रेक मारला की चपलेचा अंगठा तुटला. नोकरी तिने सोडलीच.

आमची स्वतःची गाडी नाही, कारण सोसायटीत पार्किंग नाही. मी उजव्या सीटवर बसते ती सकाळी शाळेची गाडी गॅरेजमधून दारात आणण्यापुरती, म्हणजे किराणा दुकानापासून झेरॉक्सवाल्यापर्यंत. चौथा गिअर मी उभ्या गाडीत शिकवते. पाचव्याबद्दल, तो आहे, एवढं सांगते. आणि ह्या वयात हे बोलायला लाज वाटते, पण मला आयुष्यात एकदा गाडी सुसाट पळवायची होती. कुठे जायला नाही. शेजारी कोणी नको, मागे कोणी नको, आणि थांबवायची जबाबदारी माझ्यावर नको. नवऱ्याला हे एकदा बोलले होते. तो म्हणाला की आपण महाबळेश्वरला जाऊ.

माझी एक विद्यार्थिनी मानपाड्याची. लग्न होऊन तिथे आलेली, माहेर ठाण्याला कोलशेत गावात. रिव्हर्स घेताना ती मला म्हणाली, "मॅडम, आमच्या दादूसने रेसची गारी बनवायला घेतलेली. आता विकायचीय. तुमच्या शाळेला चालंल का? ती सरळच जाते, वळवायचं टेन्शनच नाय." ही ड्रॅग रेसची गाडी होती. त्या शर्यतीत दोन गाड्या शेजारी उभ्या करतात, दिवा हिरवा झाला की सरळ रेषेत पाव मैल पळवतात, आणि संपलं. वळण नाही, म्हैस नाही. शर्यती कुठल्या तरी बंद पडलेल्या धावपट्टीवर होतात म्हणे. मी शाळेच्या कामाला जाते असं घरी सांगून रविवारी कोलशेतला गेले.

कोलशेतला आता चहूबाजूंनी परदेशी नावांचे टॉवर आहेत आणि त्यांच्या मधे गाव आहे तसं आहे. विद्यार्थिनीच्या भावाचं घर तीन मजली, ग्रॅनाइटचं, आणि शेजारी पत्र्याची शेड. शेडमध्ये गाडी. एकेकाळी मध्यमवर्गातले लोक कर्ज काढून घ्यायचे तसली चार दारांची जुनी गाडी होती, पण तिच्या बॉनेटवर सुपं मांडून सुकट वाळत घातली होती. पुढची चाकं जाडजूड, मागची सायकलला लाजवतील इतकी बारीक. काचांच्या जागी प्लास्टिक. आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड केलेला, गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून, आणि त्या पिंजऱ्याला मागच्या बाजूला साडीची झोळी बांधून तिच्यात बाळ झोपलं होतं.

बाळाची आजी, म्हणजे गाडीवाल्याची आई, माझ्याकडे संशयाने बघत होती. "यो पोर घरान झोपत नाय," ती म्हणाली, "गारीनच झोपतं. गारी गेली तर तू येशील का त्याला झोपवाला?" मी म्हटलं, मी नुसती बघायला आले आहे.

गाडीवाला तरुण मोठा उमदा निघाला. लग्नाआधी त्याने हे काम काढलं, मग लग्न झालं, बाळ झालं, आणि नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला जाऊन आल्यावर त्याला वाटलं की आता पिंजऱ्यात बसायचं वय गेलं. त्याने मला गाडीभोवती फिरवून ती दाखवली. "नव्वद टक्के काम झालंय मॅडम," तो म्हणाला. "फक्त इंजिन बसवायचं बाकी आहे." इंजिन शेडमध्येच होतं, म्हणजे काही भाग निळ्या पिंपात, काही बाळाच्या जुन्या टबात, आणि पिस्टन आजीच्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळून माळ्यावर. ते कधी जोडायचं, कोण जोडणार, ह्यावर तो म्हणाला की ते होऊन जातं. किंमत त्याने सांगितली ती आम्हाला जमण्यासारखी होती. अडचण त्यात कधीच नव्हती.

मग मी दार उघडून आत डोकावले. उजवीकडे एक लाल, खोलगट सीट होती. डावीकडे काहीच नव्हतं. नुसता पत्रा, आणि सीट जिथे असते तिथे बोल्टची चार बुजवलेली भोकं.

मी विचारलं, ही सीट कुठे गेली.

"काढली ना. वजन कमी करायला. रेसमध्ये बाजूला कोण बसतं?"

बाजूला कोण बसतं. मला त्या शेडमध्ये, सुकटीच्या वासात, झोपलेल्या बाळासमोर, एकदम भरून आलं. वीसेक वर्षं मी ज्या जागेवर बसले ती जागा ह्या माणसाने कापून भंगारात दिली होती. मला गाडीतलं काही कळत नव्हतं असं नाही. इंजिन नसलेली गाडी घेणं हा शुद्ध मूर्खपणा आहे हे मला चांगलंच कळत होतं. पण ती मला हवी झाली. मी म्हटलं, कळवते.

घरी सांगितल्यावर नवरा रागावला नाही. तो कधीच रागावत नाही, हीच त्याच्याशी भांडण्यातली मोठी अडचण आहे. त्याने कुठे ठेवणार विचारलं. मी म्हटलं, तिथेच राहील, शेड आहे. त्याने कुठे जाणार विचारलं. मी म्हटलं, कुठेच नाही. ह्यावर त्याने मान डोलावली, आणि आईला विचारू म्हणाला.

आईला विचारणं म्हणजे देवाला विचारणं. आमचं गाव सिंधुदुर्गात. माझ्या सासूबाई लग्न होऊन तिथे आल्या, पुढे डोंबिवलीला आल्या, त्याला आता उभा जन्म झाला, पण त्यांनी स्वतःहून ठरवलेली एकही गोष्ट मला माहीत नाही. सगळं गावच्या देवाच्या कौलाने. देवाच्या मूर्तीला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमचा फ्लॅट उजव्या पाकळीचा. फ्रीज उजव्या पाकळीचा. मुलीचं इंजिनिअरिंग उजव्या पाकळीचं, त्यामुळे तिने नोकरी सोडली तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांना तो देवाचा आणि तिचा आपसातला मामला वाटला. मी स्वतः उजव्या पाकळीची, पण माझ्या वेळी ती पडायला दुपार झाली, हे मला अजूनही सणासुदीला ऐकवतात.

पूर्वी ह्यासाठी गावी जावं लागायचं. आता चुलत दीर देवळात फोन धरून उभा राहतो. तर शनिवारी सकाळी आम्ही तिघं आंघोळी करून, टीव्हीच्या खाली फोन टेकवून, हात जोडून बसलो. मला खात्री होती की देव नाही म्हणेल. शहाण्या माणसाने नाही म्हणावं अशीच गोष्ट होती ती, आणि देव नाही म्हणाला असता तर मला निदान रडायला कारण मिळालं असतं.

गाऱ्हाणं घालायचं तर गुरवाला आधी विषय नीट समजावा लागतो, देवापुढे मोघम बोलून चालत नाही. त्याने गाडी कशासाठी ते विचारलं. मी म्हटलं, पळवायला. खंय जावचा आसा? कुठे नाही, पाव मैल सरळ. मगे? मग थांबते. परत कशी येता? मी म्हटलं, इंजिन बसेपर्यंत ढकलून. पडद्यावरचा गुरव हलेना. मला वाटलं नेटवर्क गेलं. पण गुरव विचार करत होता. हरवलेली म्हैस, अडलेलं लग्न, भावाभावांची हद्द, असले सगळे प्रश्न त्याने देवापुढे मांडले होते. हा नवीन होता. शेवटी त्याने घसा खाकरला आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं. गाऱ्हाण्याची रीतच ही, प्रत्येक वाक्याला हजर असतील त्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. दीर म्हणाला, आमच्याकडून नवरा म्हणाला, सासूबाई म्हणाल्या, मी म्हणाले.

"तुझ्या लेकरांनी आज डोंबिवलीसून तुझ्या पायाकडे फोन लावल्यानी आसा."

"व्हय म्हाराजा."

"गाडी घेवची म्हणतत. गाडयेक इंजिन नाय."

"व्हय म्हाराजा."

"ती वळणा नाय, सरळ जाता."

"व्हय म्हाराजा."

इथपर्यंत गुरवाने माझी केस कुठल्याही वकिलापेक्षा चोख मांडली होती. पण माणूस आयुष्यभर जी वाक्यं म्हणतो ती एकदा सुरुवात झाली की आपोआप बाहेर पडतात. गावात कोणी रिक्षा घेतली, टेम्पो घेतला, की तो जे म्हणतो तेच त्याने सवयीने पुढे जोडलं. "तर म्हाराजा, ह्या गाडयेत सगळ्या कुटुंबाक बसवन येत्या जत्रेक सुखरूप तुझ्या पायाकडे आण रे म्हाराजा. आणि ह्या तुका पटत आसात तर उजवो कौल दी."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणाले. म्हणून झाल्यावर मला कळलं की मी कशाला हो म्हटलं आहे.

उजवी पाकळी तत्काळ पडली. ज्या देवाने माझ्या वेळी दुपार केली होती, त्याने इंजिन नसलेल्या गाडीला क्षणभरही वाट बघायला लावली नाही. दीर आनंदाने ओरडला, फोन हलला, आणि पडद्यावर थोडा वेळ देवळाचं छप्पर दिसत राहिलं.

आता देवाने ज्या गाडीला होकार दिला होता ती सगळं कुटुंब बसवून जत्रेला येणारी गाडी होती. घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येत नाही, आणि एकदा कौल मिळाला की त्याच गोष्टीसाठी पुन्हा विचारत नाहीत. सासूबाई समाधानाने उठल्या आणि जत्रेला कोणती साडी नेसायची ते बघायला गेल्या. नवरा कामाला लागला. त्याने गाडीवाल्याला फोन केला. गाडीवाला म्हणाला की सीट काय, भंगारात भेटते, टाकून देतो. डावीकडे एक, मागे अखंड बाक. नवऱ्याने एसीचं विचारलं. बाटल्या ठेवायला कप्पे होतील का ते विचारलं. पुढच्या रविवारी तो कुर्ल्याला जाऊन डावी सीट घेऊनसुद्धा आला, राखाडी रंगाची, बऱ्या अवस्थेतली, आणि ती गॅलरीत ठेवून तिच्यावर जुनी चादर टाकली. मी त्या गॅलरीकडे बघणंच सोडून दिलं.

ह्यावर कडी आमच्या शाळेच्या मालकांनी केली. त्यांना हे सगळं कळलं तेव्हा ते खूश झाले, आणि म्हणाले की गोडाउनमध्ये जादा क्लच-ब्रेकचा एक सेट पडून आहे, तुमची इतक्या वर्षांची सेवा बघता डाव्या बाजूला फुकटात बसवून देतो. म्हणजे जत्रा झाली की गाडी शाळेलाही वापरता येईल. इतक्या चांगल्या मनाने मला कोणी कधी खड्ड्यात ढकललं नव्हतं. मी त्यांना थँक यू म्हटलं, आणि घरी येऊन जाहीर केलं की मला गाडी नको.

नवरा गोंधळला. त्याने अगं कप्पे नको असतील तर काढू म्हटलं. मी त्याच्यावर ओरडले, ते ओरडणं त्याच्या वाट्याचं नव्हतं, पण समोर तोच होता. तो बिचारा खाली भाजी आणायला गेला.

सासूबाई लसूण सोलत होत्या. देवाने हो म्हटल्यावर माणसाने नाही म्हणावं, हे त्यांनी ह्या घरात पहिल्यांदा ऐकलं होतं. त्यांनी मला समोर बसवलं.

"देवान व्हय म्हटल्यान, मगे तू कित्याक नाय म्हणतंस?"

"आई, त्या गाडीत डावीकडे सीट नाही. म्हणूनच मला ती हवी होती."

"मगे बाजूक कोण बसतला?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. "मी आयुष्यभर लोकांच्या बाजूला बसून ब्रेक दाबले. मला एकदा एकटीला जायचंय."

सासूबाई गड्डा संपेपर्यंत सोलत राहिल्या. मग सालं गोळा करून उठताना म्हणाल्या, "माका दाखय ती."

रविवारी आम्ही शाळेची गाडी घेऊन कोलशेतला निघालो, माणकोलीच्या पुलावरून. नवरा उजवीकडे, कारण त्याला सराव हवा होता. मी डावीकडे, कारण ती माझी जागा. सासूबाई मागे, मांडीवर नारळाची पिशवी घेऊन, कारण कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत. पूल उतरेपर्यंत मी नवऱ्याच्या वाटचा ब्रेक इतक्या वेळा दाबला की सासूबाईंनी मागून विचारलं, ही गाडी कोण चालवतंय. 

गाडीवाल्याकडे पाहुण्यांची तयारी होती. चहा, भाकरी, सुकटीची चटणी. दोन्ही म्हाताऱ्यांनी एकमेकींना नीट निरखलं, नारळ दिला-घेतला, आणि मासळीच्या भावावर त्यांचं ताबडतोब जमलं. एकीच्या बोलीतलं दुसरीला अर्धंच कळत असावं, पण दोघी हसत योग्य ठिकाणीच होत्या. मग सासूबाई शेडमध्ये गेल्या. दार धरून उभ्या राहिल्या. लाल सीट बघितली, डावीकडचा उघडा पत्रा बघितला, झोळीतलं बाळ बघितलं. बराच वेळ बघितलं.

गाडीवाला म्हणाला, "मॅडम, ट्रायल घ्या ना."

मी म्हटलं, इंजिन पिंपात आहे.

"ढकलतो आम्ही. फील येईल."

कोलशेतच्या माणसांना ह्यात काही विचित्र वाटलं नाही. त्याचे काका, चुलत भाऊ, शेजारचे दोघं, कोणी लुंगीवर, कोणी रविवारच्या बनियनवर, जमा झाले. सुपं उचलली. झोळी सोडून बाळाला आजीने खांद्यावर घेतलं, ते जागं झालं आणि त्याने गाव डोक्यावर घेतलं. गाडी ढकलत शेडबाहेर आणली. तिथून खाडीपर्यंत काँक्रीटचा रस्ता आहे, सरळ आणि उताराचा, शेवटी गणपती विसर्जनाचा घाट. सबंध कोलशेतमध्ये न वळणारा तेवढा एकच रस्ता होता.

मी लाल सीटवर बसले. ती माझ्या अंगाला नीट बसत नव्हती, तरी मी हलले नाही. तेवढ्यात नवरा प्लास्टिकचं स्टूल घेऊन आला. "मी बसतो बाजूला," तो म्हणाला, "तुला एकटीला नको." तो वाईट माणूस नाही. त्याला खरंच काळजी वाटत होती. त्याने स्टूल डाव्या पत्र्यावर ठेवलं, एक पाय आत टाकला, आणि सासूबाईंनी मागून त्याचा शर्ट धरला.

"खाली उतर," त्या म्हणाल्या.

"आई, अगं..."

"तिका जावंदेत."

तो उतरला. स्टूल घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला. दार लागलं. मागून गाडीवाला ओरडला, एक, दोन, आणि लोकांनी जोर लावला.

सुरुवातीला गाडी सायकलपेक्षाही हळू होती. मी सवयीने डावीकडे बघितलं. तिथे पत्रा, वेल्डिंगच्या रेघा, प्लास्टिकच्या काचेतून मागे सरकणारी भिंत. कोणी डोळे मिटून घेत नव्हतं, कोणी माझ्या तोंडाकडे बघत नव्हतं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून माझाच राग आला, आणि तेवढ्यात उतार लागला. विसर्जनाच्या घाटाकडे काहीतरी ढकलत न्यायचं म्हटल्यावर मागच्यांपैकी एकाच्या तोंडून सवयीने "गणपती बाप्पा" निघालं, आणि बाकीच्यांनी "मोरया" म्हणून असा काही धक्का दिला की गाडी त्यांच्या हातातून सुटली. मग मागे माणसं नव्हती. पुढे कोणी नव्हतं. इंजिन नसल्यामुळे आवाजही नव्हता, फक्त चाकांचा आणि वाऱ्याचा. वेग किती होता ते मी सांगत नाही, कारण ऐकणारे हसतात. मला तो पुरला.

घाट जवळ आला तेव्हा माझ्या पायाने आपलं काम केलं. ब्रेक दाबला. पेडल तळापर्यंत गेलं आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. काहीच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. मी घाबरायला हवं होतं, पण मला हसू फुटलं, मोठ्याने, एकटीला, थांबवता येईना. गाडी घाटाचा उतार उतरली. ओहोटी होती. पुढची जाड चाकं चिखलात शिरली आणि गाडी आपली आपण थांबली.

गाडीवाला धापा टाकत पोचला. मी हसते आहे हे बघून तो आणखी घाबरला. "सॉरी मॅडम," तो म्हणाला, "ब्रेकचं बोलायचं राहिलं. ते पण त्या दहा टक्क्यांतच येतं."

त्याच्या मागून लुंगीवाले आले, स्टुलासकट नवरा आला. सगळ्यात शेवटी सासूबाई, साडी वर धरून, घाटाच्या पायऱ्या एकेक उतरत. त्यांनी दार उघडून माझं तोंड बघितलं. डोळ्यांतून पाणी आणि तोंडात हसू, असा माझा अवतार होता. त्यांनी पदराने माझा गाल पुसला, जरा जोरातच, शेंबड्या पोराचा पुसतात तसा.

"घे ही," त्या म्हणाल्या. "सीट-बीट काय नको."

नवरा म्हणाला, "आई, पण गाऱ्हाण्यात सगळ्या कुटुंबाने बसायचं ठरलंय."

"मी हेच्यात बसाचंय नाय. जत्रेक मी एसटीन जातंय." मग पदर खोचत, "देवाचा काय ता मी बघतंय."

नवऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याच्या आईने देवाला न विचारता काही ठरवलेलं तो पहिल्यांदाच ऐकत होता. मीही.

गाडी घेतली. चिखलातून बाहेर काढायला ट्रॅक्टर लागला. गाडीवाल्याच्या आईची अट अशी पडली की बाळ चालायला लागेपर्यंत झोळी तिथून हलवायची नाही, त्यामुळे गाडी अजून कोलशेतलाच त्यांच्या शेडमध्ये आहे आणि बॉनेटवर सुकट वाळते. इंजिन पिंपात आहे. रविवारी मी जाते, लाल सीटवर बसते, मागे बाळ घोरत असतं. कधी ढकलायला माणसं मिळाली तर घाटापर्यंत जाऊन येते. ब्रेक मात्र नवऱ्याने करून घेतले, त्याला मी नाही म्हटलं नाही.

कुर्ल्याची राखाडी सीट गॅलरीतच राहिली. सासूबाई आता तिच्यावर बसून लसूण सोलतात, त्यांच्या कमरेला ती बरी पडते. जत्रेहून आल्या त्या दिवशीही तिथेच बसल्या. मी चहा दिला आणि जवळ टेकले. देवाला काय सांगितलं, हे विचारायला मला धीर होत नव्हता. शेवटी विचारलंच.

"काय सांगतलंय? गाडी येवक नाय म्हणान सांगलंय. म्हटलंय, देवा, सुनेक खंय पोचाचा नाय, तिका नुसता जावचा आसा."

"आणि कौल?"

"पाकळये लावल्यानी गुरवान. पडाक नाय. उजवी नाय आणि डावी पण नाय."

"मग?"

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"मी थांबाक नाय," त्या म्हणाल्या.